पाणी, आकाश आणि नाना

सूर्यास्ताचा फोटो काढायची इच्छा कांजिण्यांसारखी असते. लहानपणी येऊन गेली तर चार दिवसांत माणूस मोकळा होतो. मोठेपणी आली की फार त्रास देते आणि व्रण मागे ठेवते. मला ती वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, लग्न होऊन चार महिने झाल्यावर आली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं मी आजवर सांगत आलो आहे. ही त्यावर काही बोलत नाही. नुसती चष्म्यावरून बघते.

साल १९८०. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं नवा कॅमेरा घेतला आणि आपला जुना 'आग्फा क्लिक थ्री' मला विकला. ज्यांनी तो कॅमेरा हाताळला असेल त्यांना सांगायला नको, पण नव्या पिढीसाठी सांगतो. ती एक काळी डबी होती. तिच्यात १२० नंबरचा रोल जायचा आणि एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघायचे. प्रकाश कमीजास्त करायला डबीवर ऊन आणि ढग अशी चित्रं होती. संध्याकाळचं चित्र नव्हतं. म्हणजे कॅमेरा बनवणाऱ्यांनी मला आधीच सूचना दिली होती, पण ती कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

पहिला सूर्यास्त धुऊन आला. रोल अर्थातच ब्लॅक अँड व्हाइट. जे आकाश केशरी, गुलाबी, अंजिरी अशा रंगांत न्हालं होतं, ते सगळं राखाडी झालं होतं आणि मधे एक पांढरा ठिपका होता. आमच्या शेजाऱ्यांनी फोटो खिडकीशी नेला, उजेडात धरला आणि काळजीच्या सुरात विचारलं, "छातीचा का? आईंचा?"

एक्स-रे नव्हे, दादर चौपाटीवरचा सूर्यास्त आहे, असं मी सांगितलं. "वा, वा!" म्हणून त्यांनी तो परत दिला. त्या दोन 'वां'च्या मधे जो विश्राम होता, तो अजून माझ्या कानात आहे.

पण खरी अडचण रंगाची नव्हती, मापाची होती. दादरच्या चौपाटीवर पाण्याकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला वरळीचा किल्ला दिसतो आणि उजव्या हाताला बांद्र्याचं टोक. मधे माहीमचा उपसागर. हे सगळं डोळ्यांना एका दमात दिसतं. कॅमेऱ्याच्या चौकोनात मात्र वरळी घेतली तर बांद्रा बाहेर आणि बांद्रा घेतला तर वरळी बाहेर. दोन्ही सोडून नुसतं मधलं पाणी घेतलं तर फोटो चौपाटीचा की पिंपातला, ते सांगता येत नाही.

यावर त्याच सहकाऱ्यानं उपाय सांगितला. म्हणाला, "पॅनोरामा काढ. तीन फोटो शेजारी शेजारी काढायचे आणि चिकटवायचे." वर त्यानं मला इतिहासही सांगितला. रॉबर्ट बार्कर नावाच्या एका आयरिश चित्रकारानं १७८७ साली या युक्तीचं पेटंटच घेतलं होतं. गोल इमारतीच्या भिंतीवर आतून सगळीकडे एकच लांबलचक देखावा रंगवायचा, लोकांना मधोमध उभं करायचं आणि त्यांनी गोल फिरून तो बघायचा. लंडनला लेस्टर स्क्वेअरमध्ये १७९३ साली अशी इमारत उभी राहिली आणि लोक तिकीट काढून ती बघायला जाऊ लागले.

मी हे घरी येऊन मोठ्या उत्साहानं नानांना सांगितलं. नाना म्हणजे माझे वडील. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पॅनोरामा म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे नाना, या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं दिसणं."

"मग मान वळव की," नाना म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले.

नानांचं आणि सूर्यास्ताचं नातं जुनं होतं. रोज संध्याकाळी साडेसहाला ते चौपाटीवर जात. वरळीच्या बाजूनं बांद्र्याच्या बाजूला चालत जायचं आणि दिवेलागणीला परत फिरायचं. पांढरा सदरा, धोतर आणि उजव्या हातात मिटलेली छत्री. ही छत्री बारा महिने बरोबर असे. मे महिन्यात छत्री कशाला, असं कुणी विचारलं तर "पाऊस काय सांगून येतो?" असा प्रतिप्रश्न करत. मावळता सूर्य त्यांना रोज दिसे, पण मुद्दाम थांबून तो बघितला असं मला आठवत नाही. शेजारच्या बिऱ्हाडातल्या माणसाला जिन्यात भेटल्यावर आपण जेवढी मान हलवतो, तेवढी ते सूर्याकडे बघून हलवत.

मे महिन्यातला एक रविवार मी पॅनोरामासाठी ठरवला. मे महिना उगीच नव्हे. सूर्य रोज एकाच जागी बुडतो हा आपला गैरसमज असतो. मुंबईतून पाहिलं तर डिसेंबर ते जून तो क्षितिजावर जवळजवळ पन्नास अंश सरकतो. दादरहून बघणाऱ्याला डिसेंबरात तो वरळीच्या घरांमागे जाताना दिसतो. पाण्यात उतरलेला बघायचा तर उन्हाळा गाठावा लागतो. ही माहिती मी हिवाळ्यातले तीन रोल वाया घालवून मिळवली होती.

कॅमेरा हलू नये म्हणून तिकाटणं हवं. ते नव्हतं. मी स्वयंपाकघरातलं डब्यांचं स्टूल उचललं. आईनं त्यावरचे डाळींचे डबे जमिनीवर उतरवताना माझ्या कलेबद्दल जे उद्गार काढले ते इथे देत नाही. स्टूल डोक्यावर घेऊन मी चौपाटीवर पोचलो, ते वाळूत रोवलं, वर काळी डबी ठेवली आणि सूर्याची वाट बघत उभा राहिलो. पाच मिनिटांत एक मुलगी आईचा हात सोडून आली आणि म्हणाली, "काका, कुल्फी केवढ्याला?"

सूर्य क्षितिजाला टेकला की मुंबईत तो पुरता बुडायला सुमारे सव्वादोन मिनिटं लागतात. आणि टेकलेला म्हणून जो आपण बघतो, तो हिशेबानं आधीच क्षितिजाखाली गेलेला असतो. हवेतून येताना प्रकाश वाकतो, म्हणून गेलेला सूर्य आणखी थोडा वेळ दिसत राहतो. तेवढ्या वेळात मला तीन फोटो काढायचे होते. पहिला वरळीचा, दुसरा मधला, तिसरा बांद्र्याचा. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा तिसरा हिस्सा यायला हवा, म्हणजे चिकटवताना सांधा जुळतो.

मी पहिला फोटो काढला. खटका दाबल्यावर माझ्या लक्षात आलं की डावीकडून एक पांढरा सदरा आणि एक छत्री चौकटीत शिरली आहे.

"नाना, बाजूला व्हा!"

नाना बाजूला झाले. म्हणजे चालत चालत माझ्यापाशी आले. इकडे मी रोल पुढे सरकवत होतो. त्या कॅमेऱ्याच्या पाठीला एक लाल काच असे आणि रोल फिरवताना पुढचा आकडा त्या काचेत बघावा लागे. भर दुपारी तो दिसायची मारामार, मग तिन्हीसांजेला काय दिसणार? मी डबी उलटी करून आकाशाकडे धरली होती, डोळे बारीक केले होते, आणि नाना शेजारी उभे राहून बघत होते.

"झालं का?"

"नाही अजून. दुसरा काढायचाय."

"रोज बुडतो तो," नाना समजुतीच्या सुरात म्हणाले. "आज नाही जमलं तर उद्या काढ."

मी चिडून काही बोललो नाही. दुसरा फोटो काढला. पुन्हा डबी उलटी, पुन्हा लाल काच. नानांना वाटलं असावं की आपल्यामुळे खोळंबा होतोय. ते निघाले. मी तिसऱ्यांदा खटका दाबला तेव्हा बांद्र्याच्या अलीकडे, थेट चौकटीत, पांढरा सदरा आणि छत्री चालली होती.

त्या रात्री मी जेवलो नाही. नाना दोनदा वाढून घेऊन जेवले.

रोल धुऊन आला तो आणखी एक गंमत घेऊन. मी तिन्ही फोटो मांडले, सेलोटेप काढला आणि पहिले दोन छान जोडले. तिसरा काही जुळेना. बांद्रा उजव्या टोकाला हवा, तो डाव्या अंगाला आला होता. चिकटवल्यावर माझ्या पॅनोरामात अरबी समुद्राच्या ऐन मधे एक डोंगराळ बेट उगवलं. दोन दिवस मी ते बेट बघत बसलो. माझंच उभं राहणं चुकलं, स्टूल फिरलं, पृथ्वी फिरली, सगळे तर्क करून झाले. तिसऱ्या दिवशी आई निवडलेली भाजी घेऊन मागून जाता जाता थबकली.

"ह्यांनी छत्री डाव्या हातात कधी धरली?"

मी बघितलं. तिसऱ्या फोटोत छत्री डाव्या हातात होती. स्टुडिओवाल्यानं निगेटिव्ह उलटी घालून प्रिंट काढली होती! दोन दिवस मी बांद्र्याकडे बघत होतो म्हणून मला ते दिसलं नाही. आईनं बांद्र्याकडे बघितलंच नाही.

मी तावातावानं स्टुडिओत गेलो. मालकानं फोटो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, नुसतं पाणी तर आहे. पाण्याला इकडून काय नि तिकडून काय!" नवी प्रिंट हवी तर नवे पैसे पडतील, असंही सांगितलं. महिन्याची वीस तारीख उलटली होती. मी घरी आलो.

आणि मग नानांनी तो पॅनोरामा मागून घेतला. चष्मा पुसला. बराच वेळ बघितला. पहिल्या फोटोत नाना डावीकडून उजवीकडे निघालेले. मधे नुसतं पाणी आणि सूर्य. तिसऱ्यात, छपाईच्या कृपेनं, नाना उजवीकडून डावीकडे येत असलेले.

"चांगला आलाय," नाना म्हणाले. "एकात जातोय, एकात परत येतोय. आणखी काय पाहिजे?"

मला काय पाहिजे होतं ते मी त्यांना समजावून सांगितलं. पाणी आणि आकाश, बस्स. मधे माणूस नको. सूर्यास्तात माणसं आली की तो सूर्यास्त राहत नाही, चौपाटी होते. नानांनी मान हलवली. सूर्याकडे बघून हलवत तेवढीच. दुसऱ्या दिवसापासून माझा कॅमेरा दिसला की ते लांबचा वळसा घालून जाऊ लागले. माझ्या पुढच्या सगळ्या फोटोंत निर्मळ पाणी आणि निर्मळ आकाश आलं. मी खूश होतो.

१९८६ च्या डिसेंबरात नाना गेले. तेराव्याच्या आधी कुणीतरी विचारलं, "नानांचा एखादा चांगला फोटो काढून ठेव रे, हार घालायला." मी कपाट उघडलं. माझ्याकडे सूर्यास्तांचे आठ अल्बम होते. हरिहरेश्वर होतं, मालवण होतं, कोल्हापूरचा रंकाळा होता. नानांचा एकही फोटो नव्हता. लग्नाच्या अल्बममध्ये त्यांचा अर्धा चेहरा विहीणबाईंच्या आंबाड्यामागे होता. निरोपसमारंभाच्या ग्रुप फोटोत त्यांनी नेमके डोळे मिटले होते. शेवटी पेन्शनच्या कागदांवरचा फोटो मोठा करून घेतला. त्या फोटोत नाना आपण न केलेल्या गुन्ह्याची कबुली देत असल्यासारखे दिसतात. तोच अजून भिंतीवर आहे. येणारे लोक म्हणतात, "घरात एवढा फोटोग्राफर, नाही का!" त्यांचा हेतू चांगला असतो.

माणसाची खोड मात्र जात नाही. पुढे मी रंगीत रोलवर आलो. १९९१ च्या जूनमध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला, त्याची धूळ आणि वायू आकाशात उंच पसरले आणि पुढे कितीतरी महिने जगभर ठिकठिकाणी संध्याकाळी नेहमीपेक्षा लालजांभळ्या होत राहिल्या. त्या हिवाळ्यात माझे फोटो असे काही आले की मी ऑफिसात ते वाटत फिरलो. श्रेय मी नव्या लेन्सला दिलं. ज्वालामुखीचं मला नंतर कळलं.

तोवर मी संधिप्रकाश शिकलो होतो. सूर्य बुडाला की लोक उठतात, कपड्यांची वाळू झटकतात आणि भेळेकडे वळतात. नाटकाचा पडदा पडायच्या आत खुर्चीखाली चपला शोधणारे जे प्रेक्षक असतात, त्यातलाच हा प्रकार. खरे रंग पुष्कळदा त्यानंतर दहापंधरा मिनिटांनी येतात. आपल्याकडे हा संधिप्रकाश वीसबावीस मिनिटांत आटोपतो. लंडनला जूनमध्ये तो पाऊण तास रेंगाळतो. आपल्याकडे कातरवेळ थोडक्यात उरकते, कारण लगेच कुकर लावायचा असतो.

२००९ साली सरकारनं वरळी आणि बांद्रा यांना जोडणारा सागरी सेतू खुला केला. ५.६ किलोमीटर लांबीचा. मी १९८० साली जे सेलोटेपनं जोडू पाहत होतो, ते सरकारनं सिमेंट आणि पोलादी दोरांनी जोडलं. त्यांचा सांधा माझ्यापेक्षा चांगला जमला आहे, हे मान्य करायला हवं. आता दादरहून सूर्य बुडताना दिसतो तो पुलाच्या पलीकडे.

२०१४ साली मुलानं मला फोन घेऊन दिला. त्यात पॅनोरामाचं बटणच होतं. दाबायचं आणि फोन या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचा. तीन फोटो नाहीत, लाल काच नाही, सेलोटेप नाही. आयुष्यातली चौतीस वर्षं एका बटणात गेलेली बघून मी थोडा वेळ बाकावर बसलो. मग उठून फोटो काढायला लागलो.

या बटणाचे गुण मी अनुभवानं शिकलो. फोन वर कललेला असेल तर सपाट क्षितिज धनुष्यासारखं वाकतं. सुरुवात अंधाऱ्या बाजूनं केली तर फोन तोच उजेड धरून बसतो आणि सूर्यापाशी पोचेपर्यंत सगळं पांढरं फटक होतं. लाटा थांबत नसल्यामुळे एखादी लाट अर्ध्यात तुटून तिचं उरलेलं अंग भलतीकडे निघतं. आणि माणसं! फोन फिरतो त्या दिशेनं कुणी चालत असेल तर तो ताणला जातो, अडीच माणसांएवढा रुंद होतो. उलट दिशेनं येत असेल तर दाबला जाऊन सडपातळ होतो. हिचा एकदा असा फोटो आला. ही माहीमकडून येत होती, मी फोन माहीमकडे फिरवत होतो. फोटोत ही वयाच्या विशीत होती तेव्हासुद्धा नव्हती इतकी बारीक दिसत होती. "हा कॅमेरा चांगला आहे हो," ही म्हणाली. माझ्या कॅमेऱ्याबद्दल तिनं काढलेले हे पहिले चांगले शब्द. आता मी फोन काढला की ही आधी विचारते, "कुठून कुठे?" आणि त्याप्रमाणे चालायला लागते.

गेल्या दिवाळीत नात अल्बम उपसत बसली होती. तिला तो सेलोटेपचा पट्टा सापडला. टेप पिवळा पडून सुटला होता.

"आजोबा, हे जुळे कोण आहेत?"

मी सांगितलं. एकच माणूस आहे, तुझे पणजोबा. मग छत्री, लाल काच, स्टुडिओवाला, सगळंच सांगितलं. तिनं ऐकता ऐकता तिन्ही फोटोंचे फोनवर फोटो घेतले आणि अंगठ्यानं काहीबाही करत राहिली. दोन मिनिटांत फोन माझ्यासमोर धरला.

"हे बघ. सुलटा केला."

खरोखरच केला होता. बांद्रा उजव्या टोकाला गेला होता. सांधे इतके जुळले होते की कुठे होते ते सांगता येईना. वरळीपासून बांद्र्यापर्यंत सगळं पाणी, वर सगळं आकाश. छत्री उजव्या हातात. मला १९८० च्या मे महिन्यात जो पॅनोरामा हवा होता, तो अगदी तसाच्या तसा माझ्या हातात होता.

फक्त आता नाना दोन्ही फोटोंत एकाच दिशेनं चालले होते. तिसऱ्यात तर ते अगदी कडेला पोचले होते. आणखी चार पावलं, की बाहेर.

मधल्या फोटोत पूर्वीसारखंच नुसतं पाणी होतं. तो फोटो काढताना ते माझ्या शेजारी उभे होते. रोज बुडतो तो, उद्या काढ, म्हणत होते.

"परत उलटा कर," मी म्हणालो.

"अरे आजोबा, पण ते चूक आहे ना. समुद्रात बेट येतं."

"येऊ दे."

तिनं खांदे उडवले आणि केला. नाना परत यायला लागले. तो फोटो आता मी मोठा करून घेतला आहे, बेटासकट. पेन्शनचा फोटो काढून तो लावावा असा माझा विचार आहे. त्यात चेहरा तुरीच्या डाळीएवढा दिसतो, म्हणून ही तयार नाही. हार कुठे घालायचा, हा तिचा मुद्दाही बिनतोड आहे. बोलणी चालू आहेत.

हल्ली संध्याकाळी साडेसहाला मी चौपाटीवर जातो. छत्री नेतो. पाऊस काय सांगून येतो? तिथे जिकडे तिकडे तरुण पोरं फोन धरून सावकाश गोल फिरत असतात. पाणी, आकाश आणि मधे कुणी नको, अशी त्यांची खटपट चालू असते. परवा एकजण ओरडलाच, "काका, जरा बाजूला व्हा ना!"

मी बाजूला झालो नाही. वळसा घातला नाही. त्याचा फोन कुठल्या दिशेनं फिरतोय ते बघून त्याच दिशेनं, त्याच चालीनं चालत राहिलो. नानांसारखं दोनदा यायचं तर या फोनपुढे पळावं लागतं, आणि माझे गुडघे आता पळण्यातले नाहीत. त्यामुळे मी त्या पोराच्या फोटोत एकदाच आलो असणार. पण वरळीपासून निम्म्या पुलापर्यंत आलो असणार.